दोन गादे आणि एक हारा

हे लिहिताना संकोच वाटतो. लेख लिहिणाऱ्या माणसाकडे भाषा असावी लागते, वाचन असावं लागतं, निदान घरात आधी कोणीतरी काही लिहिलेलं असावं लागतं. आमच्या घरातून गावाला पत्रं जायची, पण ती शेजारचे काका लिहून द्यायचे. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. शिकलो तेही प्राणिशास्त्र. तिथे भाषेचं काम एवढंच असतं की जे दिसलं ते लिहायचं आणि जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. तेवढ्या भांडवलावर मी हा लेख लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझी काही तक्रार नाही.

दिवाळी उलटून थोडे दिवस गेले की घाटकोपरच्या आमच्या बाजारात नवे सुके बोंबील येतात. आई टोपलीसमोर उकिडवी बसते, एक बोंबील उचलते आणि मोडून बघते. कडकन मोडला तर घेते, वाकला तर परत टाकते. कोळीण तिला दरवर्षी तेच बोलते, "मोडलेल्याचे पैशे कोन देनार गं, तुझा नवरा?" यंदाही बोलली. मी पिशवी धरून मागे उभा होतो. तो वास नाकात शिरला आणि मी बाजारात राहिलोच नाही. गोराईला जाऊन उभा राहिलो, धक्क्याच्या पुढच्या वाटेवर, जिथे दोन्ही बाजूंना बांबूच्या वळांड्या असतात आणि त्यांच्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या वाळत लटकलेल्या असतात. वारा आला की सगळ्या एकदम हलतात, आणि पाऊस पडत नसला तरी पावसासारखा बारीक आवाज येतो.

त्या वासाचा मला आता राग येतो. वासाचा राग येणं वेडेपणाचं आहे, हे मलाही कळतं.

गोराईला मी पहिल्यांदा गेलो तो सरांनी पाठवलं म्हणून. सर म्हणजे अंधेरीच्या आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. उंच, घाईचे, बोलताना खडूचे तुकडे करणारे. डॉल्फिन हा त्यांचा विषय. आमच्या कोकणात आणि इथल्या कोळ्यांतही त्याला गादा म्हणतात, आणि मी वर्गात चुकून गादा म्हणालो तेव्हा पोरं हसली होती. सर हसले नाहीत. म्हणाले, "परब, तू पाहिलायस?" मी म्हटलं, गावाला पाहिलाय, होडीतून. त्या दिवसापासून त्यांनी मला मागच्या बाकावरून पुढे आणलं. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही. मला कोणी पुढे बोलावण्याची ती पहिलीच वेळ होती.

सरांच्या डोक्यात एक प्रश्न होता. किनाऱ्याजवळ, गढूळ उथळ पाण्यात राहणारा गादा आणि पार आत, खोल समुद्रात राहणारा गादा, पुस्तकात दोघांचं नाव एकच. पण सांगाडा एकच आहे का? सरांचा अंदाज होता की नाही. काठावरच्याला खडकांमधून, जाळ्यांच्या खुंटांमधून वळावं लागतं, म्हणून त्याची पाठ लवचीक, मणके संख्येने कमी आणि लांबट. खोलातल्याला लांबचा पल्ला मारायचा असतो, म्हणून पाठ ताठ, मणके जास्त आणि थाळीसारखे चपटे. त्याला खोल बुडी मारायची, दम धरायचा, म्हणून कवटीतली श्वासाची वाट रुंद. सर फळ्यावर दोन्ही कवट्या काढायचे, वरून आणि खालून. आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. माझ्या शेजारी बसणारी शुभांगी वहीच्या कडेला लिहायची, "याचा अंदाज, त्याचा अंदाज, हाडं कुठायत?"

हाडं होती, कपाटात. सरांनी कुठून कुठून जमवलेल्या चार कवट्या. पण कोणती कुठल्या पाण्यातली, हे कोणालाच माहीत नव्हतं. एक कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला ठेवलेली, एक वाळूत पडलेली सापडलेली. सर म्हणायचे, "यांची तोंडं आहेत, पत्ता नाही." त्यांना पत्ता असलेला गादा हवा होता. काठावरचा एक आणि खोलातला एक. दोन जनावरांवरून काही सिद्ध होत नाही, हे सरच आम्हाला शिकवायचे. पण सुरुवात तरी होते, असंही म्हणायचे.

काठावरचा मिळाला तो गोराईला, पास्कूच्या जाळ्यात. पास्कू आणि त्याची बायको कोंसूबाय हे तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं जोडपं. त्याची होडी काठापासून फार लांब जातच नाही; डोळ्यांनी गाव दिसेल तेवढ्याच पाण्यात त्याची जाळी बांधलेली असतात. गादा जाळ्यात मेला की त्यांच्याकडे तो विकत नाहीत, खात नाहीत, सुरूच्या झाडांखाली वाळूत पुरतात आणि त्या दिवशी पुन्हा जाळं टाकत नाहीत. मी सरांची चिठ्ठी घेऊन पोचलो तेव्हा पुरण्यासाठी खड्डा खणून तयार होता. मी कसंबसं सांगितलं की पुरा, पण आठ-दहा महिन्यांनी वाळूने मांस खाल्लं की हाडं आम्हाला द्या. पास्कू म्हणाला, "मेल्यावर शिकायला जानार म्हना की. आमच्यात कोन जित्तेपनी पन शिकला नाय."

खोलातला महिन्याभराने मिळाला. वेसाव्याच्या एका मोठ्या ट्रॉलरवर काम करणारा कोंसूबायचा भाऊ पार आत जायचा, चार-चार दिवस जमीन न दिसणाऱ्या पाण्यात. बहिणीने सांगून ठेवलं होतं म्हणून त्याने एक मेलेला गादा बर्फात घालून आणला. त्यालाही तिथेच, पहिल्याच्या शेजारी पुरला. मी दोरीने दोघांची लांबी मापली होती, जवळजवळ सारखी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी दोन पट्ट्या केल्या, खिळ्याने एकीवर एक भोक पाडलं आणि दुसरीवर दोन, आणि तारेने दोघांच्या शेपटीला बांधल्या. एक भोक म्हणजे काठाचा, दोन म्हणजे खोलाचा. सरांनी सांगितलं होतं तसंच केलं. शाई पुसली जाते, भोक पुसलं जात नाही.

कोंसूबाय हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "पैंजनां घातली रे दोघांच्या पायात?" मग मला घरात नेऊन चहा दिला आणि विचारलं, आई काय करते, बाप काय करतो. मी सांगितलं, बाबा गिरणीत होते, संपात नोकरी गेली, आता विक्रोळीच्या एका कारखान्याच्या गेटवर आहेत. तिने बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

बाबांचं सांगायचं तर त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. आयुष्यभर मागावर उभं राहून तो तसा झालाय. सर वर्गात म्हणाले होते, "जसं राहाल तसं हाड." मी तास संपल्यावर जाऊन त्यांना बाबांच्या खांद्याचं सांगितलं होतं, मोठा शोध लावल्यासारखं. सर म्हणाले, "ते वेगळं, परब. वडिलांचा खांदा एका जन्मात वाकला. तो तुझ्यात उतरत नाही. डॉल्फिनचं हजारो पिढ्यांत होतं." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा खांदा सरळ राहील, त्याची काळजी आपण करू." त्या वाक्यावर मी वर्षभर चाललो.

कारण सरांना एका योजनेतून दोन वर्षांसाठी सहायक ठेवायचा होता. पगार बेताचाच, पण त्यासोबत पुढचं शिक्षण होतं, प्रयोगशाळेत बसायला स्वतःची जागा होती. सर म्हणाले होते, सांगाडे हातात आले की काम सुरू आणि जागा तुझी. इकडे बाबांनी विक्रोळीच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला होता. पॅकिंग खात्यात. नाताळापर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. बाबा दटावत नव्हते. फक्त मधूनमधून विचारायचे, "मगे तुझे ते मासे खय पोचले?" मी म्हणायचो, वाळूत आहेत. "वाळूतच ऱ्हवतले का काय?" म्हणून ते कूस बदलायचे.

तर असे ते दिवस. बी.एस्सी.चा निकाल लागून गेलेला, दिवाळी झालेली, वर्गातले बरेच जण कुठे कुठे चिकटलेले, आणि मी एक फावडं, दोन गोणपाटं आणि सुतळीचा गुंडा घेऊन गोराईला निघालेलो. लाँचमधून उतरल्यावर खारवट गारवा होता. वळांड्या भरलेल्या होत्या. बायका टोपल्यांतून ओले बोंबील काढून जबडे अडकवत होत्या आणि एकमेकींची टिंगल करत होत्या. एकीने मला बघून विचारलं, "कोनाची विहीर खनायला चाललास रे?" मी हसलो. मी त्या दिवशी फार खूश होतो, हे लिहून ठेवायला हवं. खड्डा उकरताना हाडं कोणत्या क्रमाने येतील, मणके सुतळीत कसे ओवायचे, म्हणजे मानेपासून शेपटीपर्यंतचा क्रम बिघडणार नाही, हे सगळं मी मनात घोळवत होतो.

सुरूच्या झाडांखाली गेलो तर वाळू सपाट होती. नुसती सपाट नव्हे, झाडून काढलेली. मधोमध अर्धी जळलेली मेणबत्ती आणि सुकलेली झेंडूची फुलं. मी फावडं मारलं. खाली वाळू, आणखी खाली वाळू, मग ओल लागली. हाड नाही.

मी धावत घरी गेलो. कोंसूबाय ओट्यावर बसून कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत होती. तिने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला.

"आयलास? ये, बस. तुझा काम मीच केला."

"कसलं काम, बाय?"

"हाडां काढली ना. धुतली, सोडा लावून, उनात घातली. जा बघ, मागल्या पडवीत हाऱ्यात ठेवलीत."

हारा म्हणजे बांबूची मोठी टोपली, मासे वाहायची. पडवीत एक होता, पांढऱ्या फडक्याने झाकलेला. फडकं काढलं. आत हाडं होती. पांढरीशुभ्र, रेतीचा कण नाही, घासून पुसून एकावर एक रचलेली. तळाला फासळ्या, त्यांच्यावर मणक्यांचा ढीग, आणि वरती दोन कवट्या शेजारी शेजारी, दोघांची तोंडं एकाच दिशेला. इतकं नीट ठेवलेलं मी आजवर काही पाहिलं नाही. हात लावायचीही भीती वाटत होती.

हे का झालं ते सांगायला हवं. त्या वस्तीत कबरीसाठी जागा थोडी. म्हणून माणूस पुरला की काही वर्षांनी ती कबर पुन्हा उघडतात, हाडं काढतात, धुतात आणि घराण्याच्या एका कोनाड्यात सगळ्यांची एकत्र ठेवतात. आजोबा, आजी, लहानपणी गेलेलं मूल, सगळी एका जागी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांचा सण असतो, त्या सुमाराला हे काम होतं. त्या वर्षी कोंसूबायने तिच्या आईची हाडं काढली होती. आणि मग, तिच्याच शब्दांत, "तितंच मना वाटला, तो पोरगा एकटा येल, त्याला ह्यातला काय ठावं नाय, उलटी करल. तुना जमला नसता रे. मी आन नणंद बसलो, दोन दिवसांत आटपला."

मी विचारलं, "बाय, शेपटीला पत्रे होते. ते कुठायत?"

"कनचे पत्रे?"

"भोकं पाडलेले. तारेने बांधले होते."

"ते गंजलेले? ते खाडीत टाकले." ती अगदी सहज म्हणाली. "हाडांबरोबर लोखंड ठेवत नाय. हाडां काळी पडतात. आयच्या पेटीचे खिळे पन असेच एकेक येचून टाकले."

"आणि दोघांची एकत्र का केलीत?"

आता मात्र तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिने माझ्याकडे आणि मग हाऱ्याकडे पाहिलं. "मंग काय वेगळी ठेवायची? एका दर्याचीच ना दोघां?"

पास्कू दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला विचारलं, कवटीवरून काही सांगता येईल का, तुमच्या जाळ्यातला कुठला? तो हाऱ्यात वाकला, दोन्ही कवट्या बघितल्या, विडी पेटवली. "अंगाव मास होता तवा इचारायचा. हाडांना कोन वळखतो? उद्या माझी काढतील तवा ही मना पन वळखायची नाय."

"तुला मी तोंडावरून वळखीन," कोंसूबाय म्हणाली. "मेल्यावर पन उघडाच असल."

दोघं हसली. मी हसलो नाही, आणि त्यावरून तिला पहिल्यांदा शंका आली. हात पुसत ती जवळ आली. "काय झाला रे? काय हरवला काय? आमी एकेक येचला, दातसुद्धा."

नाही, काही हरवलं नाही, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुपारभर मी त्या पडवीत बसलो. मणके जमिनीवर मांडले. खरं सांगायचं तर थोडंफार जमलंही. काही मणके चपटे होते, काही लांबट. चपट्याला चपटा लागत होता, लांबट्याला लांबट. शेपटीकडचे बारीक मणके सोडले तर दोन ओळी बऱ्यापैकी लागल्या. एका कवटीतली श्वासाची वाट रुंद होती, दुसरीतली अरुंद. म्हणजे फरक होता. सर म्हणत होते तसा फरक खरोखर होता, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण दोन गादे वेगळे आहेत एवढंच हाडं सांगत होती. कोणता कुठल्या पाण्यातला, ते सांगत नव्हती. ते फक्त पत्र्यांवरची भोकं सांगू शकत होती, आणि ती खाडीच्या चिखलात गेली होती. कपाटातल्या त्या चार कवट्यांत आणि या दोघांत आता काही फरक उरला नव्हता. यांचाही पत्ता गेला होता.

परत येताना हारा लाँचमध्ये माझ्या पायाशी होता. तिकीट फाडणाऱ्याने फडकं उचलून पाहिलं आणि विचारलं, "कोन हाय?" मी म्हटलं, गादा. "एक का दोन?" दोन. "मंग तिगांचा तिकीट काढ." लाँचमधले सगळे हसले. एक म्हातारी मात्र फडकं परत नीट झाकून, कपाळाला आणि छातीला हात लावून, पुटपुटत बसली.

कोंसूबायवर मी रागावलो का, असा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. तिने माझं जे नुकसान केलं ते मायेने केलं, हे खरं. पण मायेने केलेलं नुकसान कमी भरतं, असं काही माझ्या अनुभवाला आलं नाही. उलट रागावायलाही जागा राहत नाही. ज्या हातांनी तिने आईची हाडं धुतली त्याच हातांनी माझं वर्षभराचं वाट पाहणं धुऊन टाकलं, आणि दोन्ही वेळा मन लावून. मी पुन्हा गोराईला गेलो नाही. तिने एकदा कोणाबरोबर तरी निरोप पाठवला होता, पोरगा पास झाला का म्हणून.

सरांना मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. प्रयोगशाळेत शुभांगी होती, ती ऐकत होती. सर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही कवट्या टेबलावर घेतल्या, व्हर्नियर लावून श्वासाची वाट मापली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, हे तर स्वच्छ आहे. ही रुंद, म्हणजे ही खोलातली. ही अरुंद, किनाऱ्याची. मणकेही तसेच लावून टाक. चपटे हिच्याबरोबर, लांबट तिच्याबरोबर."

मी म्हटलं, "पण सर, तेच तर आपण शोधायला निघालो होतो."

"मग सापडलं."

"नाही सर. आपण आधी ठरवून मग लावतोय. कदाचित उलटं असेल. रुंदवाला पास्कूचा असेल."

सर खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवला नाही. "परब, तुला खरंच वाटतं उलटं असेल?"

मला खरंच वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. सरांचं बरोबर असणार, अशीच माझीही समजूत आहे. मी तसं म्हणालोही. म्हटलं, "तुमचंच बरोबर असेल सर. पण आपल्याला माहीत नाही."

"विज्ञानात अंदाज हा गुन्हा नाही," सर म्हणाले. मग खणातून पुठ्ठ्याची कोरी लेबलं काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "पुरताना तू होतास, आणलीस तू. लेबलं तुझ्या हातची हवीत. पत्रे होते, ते बघून लावली, एवढंच. संध्याकाळपर्यंत कर."

मी लेखणी उचलली. हे शौर्याचं काही नव्हतं. मी फार घाबरलो होतो आणि मला ती जागा फार हवी होती. पहिल्या लेबलावर मी गोराई एवढा शब्दही लिहिला. मग कोणत्या कवटीला बांधायचं म्हणून दोन्हींकडे पाहिलं आणि हात तिथेच राहिला. किती वेळ राहिला ते माहीत नाही. शेवटी मी म्हणालो, "सर, मला नाही जमणार." सर म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. त्यांनी लेबलं उचलून खणात ठेवली आणि शुभांगीला म्हणाले, खिडकी लाव, वारा येतोय.

जिन्यात शुभांगी मागून आली. "तू येडा आहेस का रे परब? कोण जाणार होतं गोराईला विचारायला?"

"तू लिहिलं असतंस?"

ती एक पायरी खाली उतरली. मग म्हणाली, "माझ्या बापाची गिरणी नाही गेली. मला विचारू नकोस." ती तशीच आहे, तोंडावर बोलणारी. पुढे ती जागा तिला मिळाली. तिला मिळाली म्हणून मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही.

घरी मी सांगितलं, ते काम मला जमलं नाही. सगळं सांगत बसलो नाही. काय सांगणार? एका बाईने हाडं धुतली म्हणून माझं शिक्षण थांबलं, हे ऐकून बाबा काय म्हणाले असते? ते एवढंच म्हणाले, "जमाक नाय तर नाय. सोमवारपासून ये." नाताळाच्या आधी मी कारखान्याच्या गेटातून आत गेलो. गेटवर बाबाच होते. त्यांनी इतरांची तपासतात तशी माझी पिशवी तपासली.

पॅकिंगचं काम वाईट नाही. खोकी पट्ट्यावरून येतात, टेप लावायची, उचलून उजवीकडे ठेवायची. खाडीकडची खिडकी आहे, तिथून तिवरं दिसतात. सुरुवातीला मी विचार करायचो की भरतीचं पाणी इथपर्यंत येतं, म्हणजे समुद्र काही फार लांब नाही. आता तसले विचार करत नाही. किनारा आणि खोल पाणी, काठावरची माणसं आणि आतली माणसं, अशी उपमा मला कॉलेजात फार आवडायची. आपण काठावरचे, खोलात शिरायला निघालेलो, वगैरे. आता ती उपमा खोटी वाटते. गाद्याला निदान पाणी निवडून दिलेलं असतं आणि हजारो पिढ्या अंग त्याला जुळवून घ्यायला मिळतात. आम्हाला एका सोमवारात जुळवून घ्यावं लागतं.

सरांचा मला द्वेष वाटत नाही. पण एक गोष्ट टोचत राहते. सर आम्हाला तीन वर्षं जे शिकवत होते, तेच मी त्यांना त्या दिवशी परत सांगितलं. त्यांच्याच शब्दांत. मी चांगला विद्यार्थी होतो म्हणूनच त्यांच्या कामाचा राहिलो नाही. या गोष्टीचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. एखाद्या जाणत्या लेखकाला कळलं असतं.

गेल्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती. घरी आलो तर बाबा झोपले नव्हते. आई ताट वाढत होती आणि बाबा दाराशी बसून मला वाट करून देत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे संपानंतर मी पाहिलं नव्हतं.

"ती तुझी शुभांगी इल्ली दुपारी," ते म्हणाले. "तुझ्या सरांचा लिवलेला छापून इला. इंग्रजीत. तेच्यात तुझा नाव आसा."

मी चप्पल काढत होतो, तसाच वाकून राहिलो.

"तिना माका वाचून दाखवल्यान. मगे मराठीत सांगल्यान. दोनव जनावरांची हाडां वाळूतसून काढलंस, पत्रे बघून वेगळी केलंस, खयचा काठाचा आनी खयचा खोलातला ता वळखून चिठ्यो लावलंस. ह्या सगळा काम परबान केला, असा सरांनी लिवल्यानी हा. आभार मानल्यानी हत." त्यांनी आईकडे पाहिलं. आई पदराने डोळे पुसत होती. समोरच्या खोलीतल्या बिऱ्हाडालाही एव्हाना कळलेलं दिसत होतं. तिथलं दार उघडं होतं आणि दोन मुलं माझ्याकडे बघत उभी होती.

"शुभांगी आणखी काही म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, चिठ्यो तिनाच लावल्यान, पन नाव तुझा घातल्यानी. म्हणाली, परबाक सांगा, उद्या कोणी विचारला तर ह्या तुझ्यार येतला. माका काय ता कळाक नाय. चांगल्या कामाचा कोण कित्याक विचारतलो?"

 बाबा जवळ सरकले. मग आवाज खाली आणून, आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "इतक्या चांगला केलेलंस, तर मगे माका त्या दिवशी खोटा कित्याक सांगलंस, जमाक नाय म्हणून?"